त्या गेल्यावर आई रडतात

आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, घरभेटींचा एक गट आहे. अंथरुणाला खिळलेल्या, एकट्या पडलेल्या, घराबाहेर पडू न शकणाऱ्या माणसांकडे आठवड्यातून एकदा जायचं, हे त्याचं काम. आम्ही १४ जण आणि ९ घरं. अंग पुसून देणं, चादर बदलणं, नखं कापणं, कूस बदलायला हात देणं, शास्त्रातला एखादा भाग वाचून दाखवणं. काही घरच्या चादरी आम्हीच नेऊन धुवून आणतो. काही ठिकाणी तर नुसतं बसायचं असतं, म्हणजे दिवसरात्र रुग्णापाशी असलेल्या माणसाला दोन तास मोकळा श्वास घेता येतो. या गटाची वही गेली ७ वर्षं माझ्याकडे आहे. कोण कुठे गेलं, काय केलं, पुढच्या खेपेला काय लागेल, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं.

हे प्रकरण या गटातल्या एका बाईंचं आहे. त्यांना ताई म्हणते. त्यांनी हा मजकूर वाचला आहे, दोन ठिकाणी ‘हे असं नव्हतं’ म्हणून दुरुस्तही करून घेतला आहे. ज्यांच्या घरी हे घडलं त्यांची ओळख पटेल असं काहीही यात ठेवलेलं नाही.

फोन

एका संध्याकाळी एका घरून सूनबाईंचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, “रागावू नका, पण ताईंच्या ऐवजी दुसरं कुणी येऊ शकेल का?”

मी कारण विचारलं. ताईंच्या कामात खोट काढायला जागा नसते हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याही तेच म्हणाल्या. “सगळं नीट करतात हो. वेळेवर येतात. आईंना कुठे लागत नाही की दुखत नाही. पण त्या गेल्यावर आई रडतात.”

आजींनी सुनेला कारण सांगितलं होतं. “तिला माझा कंटाळा आलाय. तोंडानं बोलत नाही, पण हात सांगतात.”

माझी पहिली प्रतिक्रिया ताईंची बाजू घेण्याची होती. ज्या बाईनं ३ वर्षं एकही आठवडा चुकवला नाही, तिच्याबद्दल हे ऐकून घ्यायचं? फोन ठेवल्यावर मी वही उघडली. सुरुवातीला ताईंच्या नावावर २ घरं होती, आता ६ झाली होती. कुणी गाव सोडलं, कुणाच्या घरी बाळ आलं, कुणाचे गुडघे धरले. दर वेळी रिकामं झालेलं घर ताईंकडे गेलं होतं. आणि दर वेळी ते नाव त्या रकान्यात मी माझ्या हातानं लिहिलं होतं.

आणखी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण या प्रकरणाचं मूळ थोडंफार माझ्यात आहे. वर्षाच्या सभेत सगळ्यांसमोर मी म्हटलं होतं, “आमच्या ताईंना थकवा म्हणजे काय ते माहीतच नाही.” टाळ्या वाजल्या. मी ते मनापासून, कौतुकानं बोलले होते. पण ज्या माणसाबद्दल चारचौघांत असं बोललं गेलं, त्यानं ‘मी थकलेय’ हे पुढे कुणापाशी बोलायचं? ती वाट मीच बंद केली होती.

जे उपाय चालले नाहीत

आधी मी त्यांना ३ आठवड्यांची सुट्टी दिली. विश्रांती हा वाईट उपाय नाही. बायबलमध्ये झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूतानं उपदेश केला नाही; झोपू दिलं, खाऊ घातलं, परत झोपू दिलं. पण ताई त्या ३ आठवड्यांत घरी बसून आपली घरं आठवत राहिल्या. आता कुणाची कूस कोण बदलत असेल, ती नवीन मुलगी टाच पाहते का, टाचेला लाली आली तर तिला कळेल का. चौथ्या आठवड्यात परत आल्या त्या होत्या तशाच, वर तीन आठवड्यांचा अपराधीपणा घेऊन.

मग मंडळीतल्या एका भावानं, चांगल्या मनानं, त्यांना बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायातलं वचन ऐकवलं: सगळं केल्यावरही ‘आम्ही निरुपयोगी दास आहोत’ असं म्हणा. वचन खरंच आहे. पण ज्याची मान आधीच खाली गेली आहे त्याच्या मानेवर ते ठेवणं मला आजही पटत नाही. येशूनं ते स्वतःच्या सेवेवर फुगलेल्या माणसासाठी ठेवलं आहे, असं मला वाटतं. ताई फुगलेल्या नव्हत्या. त्या कोरड्या पडल्या होत्या.

तिसरा उपाय म्हणजे प्रार्थना. मंडळीतल्या बायकांनी त्यांना सांगितलं, देवाकडे आनंद मागा. त्यावर ताई मला जे म्हणाल्या ते मी त्याच रात्री लिहून ठेवलं होतं. “आता तेही मलाच करायचंय का? सहा घरं, आणि सातवं काम आनंदी होणं.”

‘मी मोजते’

उपासनेनंतर आम्ही दोघी सभागृहातल्या खुर्च्या एकावर एक रचत होतो. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर त्या बोलल्या नसत्या. हात कामात होते म्हणून बोलल्या.

“मी मोजते,” त्या म्हणाल्या. “आजींचं अंग पुसताना माझं लक्ष घड्याळाकडे असतं. अजून तीन घरं, अजून दोन. आणि दुसरंही मोजते. यांचे गुडघे दुखतात म्हणून यांना सुट्टी, तिला नातू झाला म्हणून तिला सुट्टी. माझ्या आईच्या आजारपणात आपल्या गटातलं कोण आलं होतं? तेही मोजलंय. दोघं. एकेकदा.” खुर्ची हातात तशीच धरून त्या थांबल्या. “देवासाठी करते म्हणायचं आणि मनात वही ठेवायची. ही सेवा आहे का?”

मला बेथानीतली मार्था आठवली. येशू घरी आला तेव्हा ती राबत होती आणि तिची बहीण मरीया त्याच्या चरणांशी बसून ऐकत होती. मार्थेची गोष्ट बहुतेक वेळा अशी सांगितली जाते की बिचारी स्वयंपाकघरात अडकली आणि मरीयेनं उत्तम वाटा निवडला. तेव्हा काम कमी करा आणि चरणांशी बसा. लूकचा १०वा अध्याय नीट वाचला की मार्थेचं वाक्य वेगळंच ऐकू येतं. काम जास्त आहे असं ती म्हणत नाही. ती म्हणते, बहिणीनं मला एकटीला कामाला टाकलं आणि प्रभू, तुम्हाला त्याचं काहीच नाही का? तिनं दोघांना मोजलंय, बहिणीलाही आणि प्रभूलाही. येशू उत्तरात तिच्या कामाला नावं ठेवत नाही. तिची काळजी आणि दगदग, यांना तो नाव देतो.

ताईंची अवस्था काही नवी नाही, हेही मी त्यांना सांगितलं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस नावाच्या संन्याशानं ती लिहून ठेवली आहे. ग्रीकमध्ये तिला ‘अकेडिया’ म्हणतात; आळस, विटलेलं मन आणि उदासी यांचं मिश्रण. तो म्हणतो, भर दुपारी हा दैत्य येतो. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो. संन्यासी पुन्हा पुन्हा बाहेर डोकावून बघतो, नववा तास, म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराची जेवणाची वेळ, व्हायला अजून किती अवकाश आहे. आणि मग त्याच्या मनात येतं, आपल्या बंधूंमध्ये प्रेम म्हणून उरलेलं नाही, आपल्याला धीर देणारं कुणी नाही. ताईंनी हे दोनदा वाचायला लावलं. घड्याळ आणि तक्रार, दोन्ही त्यात होतं, सोळाशे वर्षांपूर्वीचं.

आजच्या भाषेत याला ‘बर्नआउट’ म्हणतात. तो शब्द या अर्थानं रूढ करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४मध्ये त्यावर लिहिलं, ते न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या माणसांकडे पाहून. मला यातली एक बाजू लक्षात ठेवावीशी वाटते: ही माणसं कामचुकार नव्हती. सगळ्यात जीव ओतणारीच आधी विझत होती. ताईंना हे ऐकून बरं वाटलं. पण बरं वाटणं वेगळं आणि आनंद परत येणं वेगळं. तो दुसऱ्याच वाटेनं आला, आणि त्यात आमच्या कुणाची काही योजना नव्हती.

घड्याळाची पिन

सहा घरांपैकी एका घरात एक काका आहेत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. पक्षाघातानं उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. ताई त्यांच्याकडे दोन वर्षं जात होत्या. अंग पुसायचं, हाताचे व्यायाम करून घ्यायचे, एक स्तोत्र वाचायचं, निघायचं. पस्तीस मिनिटं.

त्या दिवशी बादलीत फडकं पिळताना ताईंच्या घड्याळाच्या पट्ट्याची पिन निसटली. घड्याळ फरशीवर पडलं. त्यांनी ते उचलून पर्समध्ये टाकायला घेतलं, तेवढ्यात काकांनी डावा हात पुढे केला. “द्या.”

ताई म्हणाल्या, राहू द्या काका, बाहेर कुठेतरी करून घेते. काकांनी हात मागे घेतला नाही.

हत्यारांची पेटी पलंगाखाली होती, दोन वर्षं न उघडलेली. ताईंनी ती पुसून उघडली. काकांच्या डोळ्याला भिंग लावून दिलं. उजव्या हाताला चिमटा धरवेना, म्हणून त्यांनी तो डाव्या हातात घेतला. मग दुसरा हात कुणाचा? ताईंचा. त्यांनी घड्याळ पालथं, तबकडी तळहाताकडे करून, घट्ट धरायचं आणि काकांनी पिन बसवायची. पिन कसली, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी, आत स्प्रिंग. पहिल्यांदा बसवताना ती उडाली. ताई गुडघ्यांवर बसून, गाल जवळजवळ फरशीला टेकवून ती शोधत राहिल्या. सापडली. दुसऱ्यांदा उडाली. काकांच्या कपाळावर घाम आला होता. ताईंच्या मनात पुढचं घर येत होतं, पण किती वाजले ते कळायला मार्ग नव्हता. घड्याळ त्यांच्याच मुठीत पालथं होतं.

तिसऱ्यांदा टक् असा आवाज आला.

काकांनी घड्याळ त्यांच्या हातातून घेतलं, एका हातानं पट्टा त्यांच्या मनगटावर ओढला, ताईंनी दुसऱ्या हातानं बक्कल लावलं. पट्ट्याखाली बोट सरकतंय का, ते काकांनी पाहिलं. गिऱ्हाइकाचं बघतात तसं. मग डोळ्याचं भिंग काढून ठेवलं आणि पहिल्यांदाच ताईंकडे नीट बघून हसले.

सगळं मिळून पाऊण तास गेला होता. अंग पुसायचं राहिलं होतं. व्यायाम राहिले होते. स्तोत्रही वाचलं नाही.

“दोन वर्षं मी त्या घरात जातेय,” ताई मला म्हणाल्या, “पण त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्याकडे पाहुणी होते. जिना उतरताना मी गुणगुणत होते. खाली आल्यावर मलाच कळलं.”

पाय पुढे करणं

मी या प्रसंगाला चमत्कार म्हणत नाही. पण त्यानंतर आम्ही दोघींनी योहानाचा १३वा अध्याय वाचला तेव्हा आम्हाला तो वेगळाच दिसला. येशूनं शिष्यांचे पाय धुण्याचा तो प्रसंग सेवेचा धडा म्हणून आम्ही किती वेळा ऐकलाय. त्यात गुरू वाकतो, आपणही वाकावं. पण त्या खोलीत अडून बसतो तो शिष्य पेत्र, आणि त्याची अडचण वाकण्याची नाही. दुसऱ्यानं आपल्यासमोर वाकावं हे त्याला सहन होत नाही. येशू त्याला फार कडक उत्तर देतो: मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. आणि पुढे आज्ञा येते ती ‘एकमेकांचे पाय धुवा’ अशी. एकमेकांचे म्हटलं की कधीतरी आपलेही पाय पुढे करावे लागतात. ताई तीन वर्षं फक्त वाकत होत्या. पाय त्यांनी कुणापुढे केलेच नव्हते, आणि आम्हीही त्यांना कधी करू दिले नव्हते.

स्वतः येशूही घेत आला. शमरोनी, म्हणजे परक्या समाजातल्या, बाईकडे पाणी मागतो. लूकच्या ८व्या अध्यायात बायका आपल्या पैशाअडक्यानं त्याची सेवा करत फिरतात आणि तो ती करू देतो. ज्याला कशाची कमी नाही तो इतक्या सहज घेतो, आणि आमच्यासारख्यांना मात्र कुणी पाण्याचा पेला पुढे केला तरी अवघडायला होतं.

करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातलं ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ हे वचन वर्गणीच्या वेळी सर्रास वाचलं जातं. तिथल्या मूळ ग्रीक शब्दात, ‘हिलारोस’मध्ये, प्रसन्न, हसऱ्या चेहऱ्याचा अर्थ आहे. पण त्याआधीचा ८वा अध्याय कुणी फारसा वाचत नाही. त्यात मासेदोनियातल्या मंडळ्या आहेत, अतिशय गरीब आणि संकटात सापडलेल्या. त्या प्रेषित पौलाला विनवणी करतात की यरुशलेमच्या भावाबहिणींसाठी आम्हालाही देऊ द्या. द्यायला मिळणं हीच कृपा, असं त्या समजतात. काकांनी तेच मागितलं होतं. “द्या” म्हणून त्यांनी हात पुढे केला तेव्हा त्यांना घड्याळ नको होतं. दोन वर्षं फक्त घेत राहिलेल्या माणसाला काहीतरी द्यायचं होतं. सेवेतला आनंद ताई इतके दिवस एकट्याच उचलून नेत होत्या, आणि काकांच्या वाट्याला त्यातलं काही उरत नव्हतं. मला वाटतं, आजींच्या रडण्याचं कारणही इथेच कुठेतरी आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. आनंद म्हणजे सतत मन भरून येणं, असं मी म्हणत नाही. मदर तेरेसांची पत्रं २००७मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की त्यांनी दशकानुदशकं आत अंधार सोसला आणि तरी काम सोडलं नाही. ज्यांना असा अंधार येतो त्यांना ‘तुमचं काहीतरी चुकतंय’ असं कुणी सांगू नये. ताईंचा प्रश्न तो नव्हता. त्यांना देव दूर वाटत नव्हता, माणसं दूर वाटत होती.

वहीत काय बदललं

कुणाकडेही २पेक्षा जास्त घरं द्यायची नाहीत, असं ठरवलं. त्यामुळे दोन घरं काही आठवडे भेटीविना राहिली. ते मला फार जड गेलं, अजूनही जातं. पण मार्कच्या पहिल्या अध्यायात सगळे शोधत असताना येशू दुसऱ्या गावी निघून जातो, हे वाचून मी स्वतःला समजावलं. पुढे मंडळीत आम्ही ती अडचण उघड सांगितली, तेव्हा तिघंजण स्वतःहून आले. इतके दिवस ताई सगळं करतात म्हणून त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट आम्ही संत बेनेडिक्टनं मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीतून उचलली. सहाव्या शतकातल्या त्या नियमावलीचा ३५वा अध्याय मठाच्या स्वयंपाकघराबद्दल आहे. भाऊ आठवड्याच्या पाळीनं एकमेकांची सेवा करतात. पाळी संपवणारा आणि सुरू करणारा, दोघं मिळून सगळ्यांचे पाय धुतात. आणि वाढणाऱ्यांना जेवणाच्या तासभर आधी, नेहमीच्या वाट्याखेरीज, थोडी भाकर आणि पेय द्यावं, म्हणजे ते कुरकुर न करता सेवा करतील. मला हे वाचून भरून आलं. उपाशी माणसाला वाढायला लावलं तर तो कुरकुरणार, हे त्या मठाधिपतीला ठाऊक होतं आणि त्यासाठी त्यानं कुणाच्या श्रद्धेवर बोट ठेवलं नाही; आधी खायला दिलं. आता आमच्या भेटींच्या दिवशी निघण्याआधी सगळे अर्धा तास एकत्र बसतात. त्या अर्ध्या तासात कामाचं बोलायचं नाही. कुणीतरी वाचतं, बाकीचे ऐकतात, आणि ज्याला सांगावंसं वाटतं तो आपलं दुखणंखुपणं सांगतो.

एक प्रयोग फसला तोही लिहिते. ‘आज काय मिळालं’ असा नवा रकाना मी वहीत आखला होता. तीन आठवड्यांत त्यात सजवलेल्या साक्षी दिसायला लागल्या. ज्याला काही मिळालं नाही तोही काहीतरी लिहू लागला. मोजणं बंद करायला निघालो आणि मोजायला नवीन गोष्ट दिली. मत्तयाच्या २५व्या अध्यायात नीतिमान लोक राजाला विचारतात, प्रभू, आम्ही तुला केव्हा खायला दिलं? त्यांच्याकडे नोंदच नसते. मी तो रकाना खोडून टाकला.

मार्थेचं पुढे काय झालं, हे ताईंनीच मला दाखवलं. योहानाच्या १२व्या अध्यायात, यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या सहा दिवस आधी, बेथानीत पुन्हा जेवण आहे. दोघींचा भाऊ लाजर पंगतीला आहे, मरीया पुन्हा प्रभूच्या पायांशी आहे. आणि मार्थेबद्दल एवढंच की ती वाढत होती. काम सोडलेलं नाही. या वेळी तक्रारही नाही.

ताईंकडे आता काकांचं घर आहे आणि आणखी एक. काकांकडे मंडळीतली बंद पडलेली घड्याळं जातात. महिन्यात एखादं चालू होतं. त्या दिवशी ताई तासभर त्यांचा उजवा हात असतात.

आजींकडे मात्र त्या परत जाऊ शकल्या नाहीत. पाच महिन्यांनी त्यांनी माझ्यामार्फत विचारलं होतं, एकदा येऊन माफी मागू का. आजींनी नको म्हटलं. तो त्यांचा अधिकार आहे आणि ताईंनीही तो मानला. फक्त त्या घरच्या चादरी धुवायचं काम त्यांनी स्वतःकडे मागून घेतलं. दर आठवड्याला धुतलेल्या चादरींची पिशवी त्या माझ्याकडे आणून देतात, दुसरी बहीण ती आजींच्या घरी पोचवते. ताई कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घालतात आणि वरून तळहात फिरवून सुरकुती काढतात.

परवा आजींनी सुनेला विचारलं म्हणे, या घड्या कोण घालतं. सूनबाईंनी अजून सांगितलेलं नाही.